विश्वचषक फुटबॉल : आपण कोणाच्या बाजूने?

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर वेदीसेवक मुले आपले झगे काढून ठेवीत होती. त्यांच्यापैकी अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "फादर, फुटबॉलच्या विश्वचषकात आपण कोणाच्या बाजूने?" मी सहज उलट विचारले, "आपण म्हणजे कोण रे?" तो गोंधळला. 'आपण' म्हणजे त्याचे घर, त्याचे गाव, आपला धर्मग्राम, सगळे कॅथलिक की सगळे भारतीय, हे त्याला सांगता येईना. खरे सांगायचे तर मलाही चटकन सांगता आले नाही.

क्रिकेटच्या वेळी हा प्रश्न पडत नाही. भारताचा संघ मैदानात असतो आणि 'आपण' म्हणजे कोण हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. फुटबॉल विश्वचषकात मात्र भारत नसतो. २०२६ च्या स्पर्धेपासून संघांची संख्या ३२ वरून ४८ झाली, तरीही आपल्याला तेथे जागा मिळाली नाही. परिणामी, दर चार वर्षांनी आपल्या गावागावांतील घरांवर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल आणि जर्मनी यांचे ध्वज फडकू लागतात, आणि ते का, असा प्रश्न शेजारीपाजारी विचारतात. त्या प्रश्नामागे कधी कौतुक असते, कधी शंका असते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा असे वाटले.

प्रथम एका गैरसमजाविषयी. भारतीय खेळाडू अनवाणी खेळत असत, बूट घालण्याची सक्ती झाली म्हणून आपण १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषकाला गेलो नाही, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, हे खरे. परंतु १९५० चे कारण ते नव्हते. गटातील ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपिन्स या देशांनी माघार घेतल्यामुळे भारत आपोआप पात्र ठरला होता आणि प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची ब्राझीलची तयारी होती. आपल्या संघटकांना मात्र त्या काळी विश्वचषकाचे महत्त्वच वाटत नव्हते. त्यांच्या लेखी ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होते. लांबचा समुद्रप्रवास, सरावाला अपुरा वेळ आणि निवडीवरून मतभेद ही कारणेही होती. संधी दाराशी आली होती, ती आपण ओळखली नाही. त्यानंतर १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळ गोव्याचे व मुंबईत खेळणारे आपलेच ख्रिस्ती बांधव होते. आपल्या किती तरुणांना हे नाव ठाऊक आहे, कोण जाणे!

तेव्हा भारत नसताना पाठिंबा कोणाला द्यायचा? आपल्या समाजात याची जी उत्तरे दिली जातात, त्यांतील दोन विशेष विचार करण्याजोगी आहेत. पहिले उत्तर, 'कॅथलिक देशाला', आणि दुसरे, 'पोर्तुगालला'.

पहिले उत्तर वरवर पाहता भक्तिभावाचे वाटते. खेळाडू मैदानात उतरताना क्रूसाची खूण करतो, गोल झाल्यावर आकाशाकडे बोट दाखवितो, हे पाहून आपल्या घरातील वृद्ध माता सुखावतात. २०१८ साली अवघ्या चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या क्रोएशियाने अंतिम फेरी गाठली, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक झ्लाट्को दालिच यांनी आपण नेहमी खिशात जपमाळ बाळगतो असे सांगितले होते. ते वाचून मलाही आनंद झाला होता. पण हा निकष फार दूर जात नाही. ब्राझील, अर्जेंटिना, इटली, स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल, कोलंबिया, मेक्सिको या सर्वच देशांना जुना कॅथलिक वारसा आहे. ते एकमेकांशी खेळतात तेव्हा क्रूसाची खूण दोन्ही बाजूंनी होते. शिवाय, २०१८ च्या विजेत्या फ्रान्सच्या संघात पोग्बा व कांते हे मुस्लिम खेळाडू होतेच. त्यांनी अडविलेला चेंडू कॅथलिक आणि त्यांनी मारलेला मुस्लिम, अशी विभागणी कोण करणार?

पवित्र शास्त्रात यहोशवाच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. यरीहो नगरापाशी यहोशवाला हाती उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा त्याला विचारतो की, तू आमच्या बाजूचा की आमच्या शत्रूंच्या? उत्तर येते ते अनपेक्षित असते. तो पुरुष दोन्हींपैकी एकही बाजू स्वीकारीत नाही. आपण परमेश्वराच्या सैन्याचा सरदार म्हणून आलो आहोत, एवढेच तो सांगतो. यहोशवा तर देवाने निवडलेल्या लोकांचा नेता होता. त्यालाही देव आपल्या बाजूस आहे असे गृहीत धरता आले नाही. मग पेनल्टीच्या वेळी टीव्हीसमोर मेणबत्ती लावून बसणाऱ्या आपल्या मंडळींची काय कथा!

दोन कॅथलिक राष्ट्रांचा वैरभाव फुटबॉलच्या निमित्ताने कोठवर गेला, याचे उदाहरण १९६९ सालचे आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास आणि एल साल्वादोर हे शेजारी देश. यांपैकी दुसऱ्याचे नावच तारणाऱ्या प्रभूवरून पडले आहे. १९७० च्या विश्वचषकासाठी पात्रतेचे सामने दोघांमध्ये जून महिन्यात झाले. दोन्ही राजधान्यांत पाहुण्या संघाला आणि त्याच्या पाठीराख्यांना त्रास दिला गेला, मारहाण झाली, आणि १४ जुलै रोजी प्रत्यक्ष युद्ध पेटले. ते सुमारे शंभर तास चालले. हजारो माणसे मेली आणि त्याहून कितीतरी अधिक बेघर झाली. युद्धाचे खरे कारण चेंडू नव्हता. होंडुरासमध्ये पोटासाठी जाऊन राहिलेल्या सुमारे तीन लाख साल्वादोरी शेतकऱ्यांचा आणि जमिनीचा तो प्रश्न होता. फुटबॉलने त्यावर केवळ ठिणगी टाकली. दोन्ही देशांत लोक एकाच पवित्र मिस्सासाठी एकत्र येत होते, एकच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत होते. शांततेचा करार व्हायला १९८० साल उजाडावे लागले.

यापेक्षा सुखद आठवण २०१४ सालची आहे. त्या वर्षी ब्राझीलमध्ये अंतिम सामना जर्मनी व अर्जेंटिना यांच्यात झाला आणि त्याच वेळी व्हॅटिकनमध्ये निवृत्त पोप बेनेडिक्ट हे जर्मन तर पोप फ्रान्सिस हे अर्जेंटिनाचे. जगभर थट्टामस्करीला ऊत आला. पोप फ्रान्सिस यांनी आपण तटस्थ राहू असे ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांना आधीच सांगून ठेवले होते. गंमत अशी, की ते स्वतः फुटबॉलचे निस्सीम चाहते होते. ब्युनोस आयरेसमधील ज्या सान लोरेन्झो क्लबचे ते सभासद होते, त्याच्या स्थापनेत १९०८ साली लोरेन्झो मासा या सालेशियन धर्मगुरूंचा हात होता. तरीही १९९० साली कार्मेल मातेला केलेल्या नवसामुळे पोप फ्रान्सिस दूरदर्शन संच पाहत नसत. सामन्यांचे निकाल त्यांना स्विस गार्डपैकी कोणीतरी सांगत असे. जर्मनी १-० ने जिंकली. त्या स्पर्धेच्या आरंभी पाठविलेल्या संदेशात पोप महोदयांनी कोणत्याही देशाचे नाव न घेता सराव, खिलाडूवृत्ती आणि प्रतिस्पर्ध्याचा आदर या तीन गोष्टींवर भर दिला होता. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांची अडचण निराळीच. त्यांचा जन्म शिकागोचा, नागरिकत्व पेरूचेही. २०२६ च्या स्पर्धेला पेरू पात्र ठरला नाही, म्हणून त्यांची एक पंचाईत टळली. तसेही ते टेनिस आणि बेसबॉलचे चाहते म्हणून ओळखले जातात!

आता दुसरे उत्तर, पोर्तुगालचे. हे आपल्या अधिक जवळचे आणि म्हणून अधिक नाजूक.

सामना चालू असता समालोचक 'फर्नांडिश', 'सिल्वा', 'मेंडिश' अशी नावे घेऊ लागला, की आपल्या घरातील आजी पदर सावरून विचारते, हा कुठल्या आळीतला? नावांचे हे नाते खरे आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा याच काळात मिळाला, आडनावेही याच काळात मिळाली. त्यानंतर पोर्तुगीज गेले. आपण राहिलो. मराठ्यांच्या राज्यात, पुढे इंग्रजांच्या राज्यात, आणि मग स्वतंत्र भारतात, आपण याच मातीत केळी आणि पानवेली लावीत, हीच भाषा बोलत जगलो. बाप्तिस्मा ज्यांच्या हातून मिळाला त्यांच्याविषयी कृतज्ञता असावी. पण त्या कृतज्ञतेचे ऋण फुटबॉलच्या मैदानात फेडायचे असते असे मला वाटत नाही. विश्वास आपल्याला प्रभू ख्रिस्ताने दिला, लिस्बनच्या राजाने नव्हे.

गोव्यात हा विषय अधिक तापतो. तेथे पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होती. हजारो गोवेकरांनी आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आणि त्यांतील अनेक जण इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले. त्यांच्या मुलांनी पोर्तुगाल-इंग्लंड सामन्यात कोणाची बाजू घ्यावी, हा त्या घरांतील रोजच्या जेवणाच्या मेजावरचा खरा प्रश्न आहे, आणि त्यात भारतात राहिलेल्या आजोबांचेही मत असते. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुट येथे क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा उभारला गेला. मुलांना खेळाची प्रेरणा मिळावी हा हेतू सांगितला गेला. मात्र काही लोकांनी काळे झेंडे दाखविले. मुक्तीची साठ वर्षे पूर्ण होत असता पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कशाला, ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्हो यांचा का नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे म्हणणे पूर्णपणे चुकीचे वाटत नाही. रोनाल्डोचा खेळ आवडणे हा अपराध नाही. परंतु ज्या गोव्यात १८८३ साली शिवोली गावी विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी फुटबॉल रुजविला आणि ज्याने देशाला इतके खेळाडू दिले, तेथे आपल्या खेळाडूंची उपेक्षा व्हावी हे खटकते.

पोर्तुगालच्या पाठीराख्यांना मी आणखी एका देशाकडे पाहण्यास सुचवीन. आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रात केप व्हर्द नावाची बेटे आहेत. लोकसंख्या जेमतेम सव्वापाच लाख. तीही पोर्तुगीज वसाहत होती. १९७५ साली स्वतंत्र झाली. तेथील सांतियागो धर्मप्रांत आणि आपला गोव्याचा धर्मप्रांत १५३३-३४ च्या सुमारास जवळजवळ एकाच वेळी स्थापन झाले. आडनावे तीच, मिस्सा तीच, परक्या सत्तेचा अनुभवही तोच. हा इवलासा देश २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथमच पात्र ठरला. नात्याच्याच गोष्टी करायच्या तर राजघराण्याचे नाते सांगण्याऐवजी आपल्यासारख्या रयतेचे नाते का सांगू नये?

आणि वसईकरांना तर जपानही परके नाही. आपल्या भूमीचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानी भाषा उत्तम जाणत. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून ते तेथे गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. त्या सव्वीस जणांत बहुसंख्य जपानी होते. वसईचे रक्त जपानच्या मातीत मिसळले आहे, या अर्थाने ते नाते पोर्तुगालच्या नात्याहून कमी खोल नाही. त्या देशाचे प्रेक्षक सामना संपल्यावर, हरले तरी, स्टेडियममधील कचरा स्वतः गोळा करतात, हे २०१८ व २०२२ साली जगाने पाहिले.

येथे देशप्रेमाविषयी ख्रिस्तसभा काय शिकविते हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यावर कधी उघड, कधी आडून, परकी निष्ठा बाळगल्याचा आरोप होतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२३९) देशावरील प्रेम व देशसेवा यांचा उल्लेख कृतज्ञतेचे कर्तव्य म्हणून केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ७५) नागरिकांना उदारपणे देशप्रेम जोपासण्यास सांगितले, पण मनाचा संकुचितपणा येऊ देऊ नका असेही त्याच वाक्यात बजावले. म्हणजे देशप्रेम ऐच्छिक नाही. त्यामुळे भारताचा संघ, मग तो आशियाई स्पर्धेत खेळो वा पात्रता फेरीत, मैदानात असेल तेव्हा 'आपण' कोण, हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेलाच असतो. दुःख एवढेच की, त्या सामन्यांच्या वेळी आपल्या आळीत एकही ध्वज दिसत नाही आणि टीव्ही बंद असतो. परदेशी संघाला पाठिंबा देण्याने देशनिष्ठा उणी होत नाही. स्वतःच्या संघाकडे पाठ फिरविण्याने मात्र ती उणी होते असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आजकाल खेळाडूंचे देशही पूर्वीसारखे सरळ राहिलेले नाहीत. २०१० साली जोहान्सबर्गमध्ये जर्मनीकडून जेरोम बोआटेंग आणि घानाकडून त्याचा सावत्र भाऊ केविन-प्रिन्स बोआटेंग समोरासमोर उभे ठाकले. २०१४ मध्ये पुन्हा. २०२२ साली कतारमध्ये इनाकी विल्यम्स घानाकडून खेळला आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ निको स्पेनकडून. त्यांचे आईवडील घानाचे. सहारा वाळवंट काही अंतर अनवाणी पायांनी तुडवीत ते मेलिया येथे कुंपण ओलांडून स्पेनमध्ये आले. बिल्बाओ शहरात कारितासच्या कार्यातील इनाकी नावाच्या एका धर्मगुरूंनी त्यांना आधार दिला. पुढे मुलगा झाला तेव्हा आईवडिलांनी कृतज्ञतेने त्याला त्यांचेच नाव दिले. इनाकी म्हणजे इग्नेशियस या नावाचे बास्क रूप. त्या माउलीला कोणी विचारावे, 'आपण कोणाच्या बाजूने?'

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. १९८६ साली मी शाळकरी मुलगा होतो. शेजारच्या घरी दूरचित्रवाणीवर आम्ही सारी मुले अर्जेंटिनाच्या बाजूने बसलेलो. २२ जूनच्या सामन्यात मारादोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. पंचांना तो दिसला नाही. आम्हांला पुनर्प्रक्षेपणात स्पष्ट दिसला, आणि आम्ही अधिकच जोराने ओरडलो. चार मिनिटांनी त्याच खेळाडूने अर्धे मैदान ओलांडून जो गोल केला, तो आजही विसरता येत नाही. पण पहिल्या गोलाच्या वेळचा आमचा आनंद आठवला की मला अजून थोडी लाज वाटते. त्याच्या बरोबर उलट वागला तो मिरोस्लाव क्लोजे. पोलंडमध्ये जन्मलेला, जर्मनीकडून विश्वचषकांत १६ गोल केलेला हा कॅथलिक खेळाडू २०१२ साली इटलीतील एका सामन्यात लाझिओ क्लबकडून खेळत होता. आपल्या हाताला लागून गोल झाला, हे त्याने स्वतः पंचांना सांगितले आणि गोल रद्द झाला. त्याचा संघ तो सामना हरला. पाठीराख्याने संघ कोणताही निवडावा. आपल्या बाजूची चूक चूक म्हणून ओळखण्याची शक्ती त्याच्यात शिल्लक राहते की नाही, एवढेच मी पाहतो.

ती शक्ती गेली की काय होते, हे कोलंबियाने पाहिले. १९९४ च्या स्पर्धेत आंद्रेस एस्कोबार या बचावपटूकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलै रोजी मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो सत्तावीस वर्षांचा होता. असे आपल्याकडे घडत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे २०१४ साली ब्राझील जर्मनीकडून ७-१ असा हरला त्या रात्री दोन चुलतभावांमध्ये थट्टेवरून जुंपली. शर्ट फाटला, आजोबांचा उद्धार झाला, आणि तीन महिने दोन्ही घरांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. दोघेही दर रविवारी मिस्साला येत. शांतीची खूण देण्याची वेळ आली की एक जण उजवीकडे वळे, दुसरा डावीकडे. ब्राझीलमध्ये त्या दोघांना कोणी ओळखतही नव्हते. शेवटी एका लग्नाच्या मांडवात, रोसाच्या वेळी, त्यांच्या आत्याने दोघांनाही कान धरून एका बाकावर बसविले. संत पौलाने करिंथकरांना याच रोगाविषयी लिहिले होते. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा.

म्हणून त्या वेदीसेवकाला मी कोणत्याही संघाचे नाव सांगितले नाही. कोणता देश, तेथील माणसे कशी, त्यांचे खेळाडू हरल्यावर कसे वागतात, हे थोडे शोधून काढ आणि मग मला सांग, एवढेच म्हणालो. जाता जाता नागासाकीच्या हुतात्म्यांची गोष्टही सांगितली. पुढच्या रविवारी तो धावत आला. "फादर, जपान!" मला अर्थातच धन्य वाटले. मी विचारले, "संत गोन्सालोंमुळे ना?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही फादर. त्यांची जर्सी निळी आहे. आपल्या इंडियासारखी."